पाचव्या उद्गाराचं पाणी

१

लेंटचे, म्हणजे ख्रिस्ती उपासाचे, दिवस चालू होते आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, पंधरवड्यावर आला होता, तेव्हा सोनूबाई सातपुते न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याच्या हाडाला तडा गेला. अशा वेळी माणूस देवाचा धावा करतं, नाहीतर साबणाच्या वडीला शिव्या घालतं. सोनूबाई फरशीवर पडल्या पडल्या म्हणाल्या, "आता खोलीत कोण बसायचं?"

हे वाक्य त्यांच्या मुलाला, अतुलला, पुढं कितीतरी दिवस झोंबत राहिलं. बाई मोडून पडली आहे आणि काळजी कसली करते, तर चर्चमधल्या एका अंधाऱ्या खोलीची!

त्या खोलीची गोष्ट आधी सांगायला हवी. कोल्हापुरात शाहूपुरीच्या मागच्या अंगाला काळ्या दगडाचं, मंगळुरी कौलांचं एक लहानसं चर्च आहे. मंडळी शे-सव्वाशे माणसांची. नाताळात यांच्या रोषणाईकडं कुणी ढुंकून बघत नाही, पण उत्तम शुक्रवारची संध्याकाळ करावी ती याच मंडळीनं. प्रभू येशूनं वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार सात जण उभे राहून वाचतात. प्रत्येकाच्या पुढ्यात एक मेणबत्ती. वाचून झालं की ती बोटांच्या चिमटीत धरून विझवायची, फुंकर घालायची नाही. मधोमध आठवी, मोठी, ती ख्रिस्ताची. ती कधीच विझवत नाहीत. चौथ्या उद्गाराआधी, भर दुपारी सगळ्या देशावर अंधार पडला त्या जागी, ती उचलून बाजूच्या पाळकांच्या, म्हणजे पाद्र्यांच्या, खोलीत नेतात आणि दार लावून घेतात.

बाहेर मग एकेक उजेड कमी होत जातो. सातवी विझली की डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. त्यात सगळी मंडळी गप्प बसते, तान्ही पोरंसुद्धा. आणि मग बाळासो, मंडळीतले सर्वांत जुने वडीलधारे, बाकावर तळहात आपटतात. त्यांच्यामागून सगळेच बाकं बडवायला लागतात. येशूनं प्राण सोडला त्या वेळी भूकंप झाला होता, तो हा. तो थांबला की खोलीचं दार उघडतं आणि ज्योत बाहेर येते. म्हाताऱ्या बायका पदर डोळ्याला लावतात, बाप्ये खाकरतात. ज्यांचं देवाधर्माशी फारसं सख्य नाही त्यांनाही ते आत कुठंतरी लागतं. अतुललाही लागायचं. तो कबूल करायचा नाही, एवढंच.

ज्योत घेऊन त्या खोलीत बसायचं काम कितीतरी वर्षं सोनूबाईंचं होतं. म्हणजे सगळी मंडळी ज्या उपासनेसाठी वर्षभर वाट बघायची, तिचा अर्धा भाग या बाईनं कधी डोळ्यांनी बघितलाच नव्हता. तिनं तो फक्त दाराआडून ऐकला होता.

२

अतुल राजारामपुरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होता. काचपट्टीवर दिसेल तेवढं खरं, असा त्याचा खाक्या. आईशी वाद घालण्यात मात्र तो बापजन्मी जिंकला नव्हता.

"ईस्टर झाला की सोमवारी ऑपरेशन करू म्हणतात डॉक्टर. आणखी लांबवलं तर तू कायमची अंथरुणाला खिळशील, असं स्पष्ट बोललेत. होय म्हण."

"कसलं व्हय? भूल देत्यात म्हणं. अंधारात ढकलत्यात माणसाला. मी परत आलो न्हाय तर?"

"सगळे परत येतात, आई."

"तुजा बा आला का?"

वडील तसेच गेले होते, टेबलावर, भुलीतून वर न येता. त्यानंतर, आत्ताचा एक्स-रे सोडला तर, सोनूबाई दवाखान्याच्या पायरीपलीकडं कधी गेल्या नव्हत्या.

मग त्या आपणहून म्हणाल्या, "असं कर. सुक्रवारी खोलीत तू बस. ज्योत बाहीर आली, तर सोमवारी जातो मी. इझली, तर मला हितंच पडू दे. मग डॉक्टरचं नाव माझ्याफुडं काडायचं न्हाय."

"हा काय जुगार लावलायस काय?"

"जुगार न्हवं. मला अंधारात जायाचं हाय. तितनं उजेड बाहीर येतो का न्हाय, एवढं एकदा बघू दे की."

अतुलनं विचार केला. बंद खोली, दोन्ही दारं लावलेली, आणि हाताच्या मनगटाएवढी जाड मेणबत्ती. विझणार कशानं? सौदा आपल्या बाजूचा आहे असं वाटून तो लगेच कबूल झाला. सोनूबाई मग एकेक सांगायला लागल्या.

"आत काडेपेटी न्यायची न्हाय. इझली तर मोकळ्या हातानं बाहीर यायचं. खोटी ज्योत मंडळीफुडं आणायची न्हाय."

"बरं."

"आत दोन खुर्च्या हायत. दाराकडंची माझी, तिच्यात बस. समूरची रिकामी ऱ्हाऊ दे."

"बरं."

"तिच्यापशी तांब्या भरून ठेव पाण्याचा. आनि त्यातलं तू पिऊ नकोस."

"मग ठेवायचं कुणाला?"

सोनूबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की जणू यानं पाळण्यातल्या पोरासारखा प्रश्न विचारला होता. "पाचव्या उद्गाराला त्यो काय म्हणला? तान लागली म्हणला. आनि लोकांनी दिलं काय, तर आंबलेली दारू! आपल्या दारात कोण उनातनं आलं, तर आदी पाणी देतो का न्हाय आपण?"

"देतो."

"मग ठेव की."

वधस्तंभावर राहून गेलेला पाहुणचार कोल्हापुरातल्या एका बाईनं अंगावर घेतला होता, आणि तो ती वर्षानुवर्षं मुकाट पार पाडत होती. अतुलला हसू आलं आणि आईचं कौतुकही वाटलं. असलं काही तिलाच सुचावं.

३

दोन हजार तीन सालचा तो शुक्रवार भयंकर तापला होता. कौलं तडतडत होती. पश्चिमेला वळवाचे ढग चढत होते, पण वारा म्हणून नव्हता.

शेजारच्या अल्ताफनं रिक्षा दाराशी लावली आणि दोघांनी मिळून सोनूबाईंना खुर्चीसकट उचललं. "डॉक्टरला कळलं तर माझी चामडी सोलंल, मावशी," अल्ताफ म्हणाला. "तू गप चालव," मावशी म्हणाल्या. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्या दातावर दात दाबत होत्या. चर्चमध्ये त्यांना पहिल्या बाकावर, मधल्या वाटेच्या कडेला, दोन उशा देऊन बसवलं. एकदा बसवल्यावर बोटभरही सरकता येत नव्हतं. नुसता प्रयत्न केला तरी कळ मस्तकात जायची.

उत्तम शुक्रवार म्हणजे सोनूबाईंचा कडकडीत उपास. गुरुवारच्या प्रभुभोजनाच्या विधीनंतर शनिवारच्या सकाळपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. आई तसल्या दुखण्यात पाण्यावाचून बसली आहे, मग आपण कसं प्यायचं, म्हणून अतुलनंही सकाळपासून पाणी तोंडाला लावलं नव्हतं. वेड्याच्या घरात शहाण्यानं वेडंच असावं लागतं.

उपासनेच्या आधी तो खोलीची तयारी करायला गेला. लांबट, अरुंद खोली. गीतांच्या जुन्या पुस्तकांचं कपाट, पेटीचं खोकं, खुंटीवर पाळकांचा पांढरा झगा. त्या दिवशी पाळकसाहेब काळा घालत, म्हणून पांढरा तिथं लोंबत होता. मागच्या बाजूला आवारात उघडणारं दार, त्याला जाडजूड कडी. चर्चच्या बाजूच्या दारावर उजेड फटीतून जाऊ नये म्हणून घोंगडी टांगलेली. आणि दोन वेताच्या खुर्च्या, समोरासमोर.

तांब्या भरून त्यानं समोरच्या खुर्चीच्या पायाशी ठेवला. लहानपणी हाच तांब्या उपासनेनंतर घरी न्यायचं काम त्याच्याकडं असायचं. रिकामा तांब्या डोक्यावर टोपीसारखा उपडा घालून तो घरी यायचा.

ठेवताना त्याची नजर खुर्चीवर गेली. आईच्या खुर्चीचं वेत ताठ होतं. तिचं वजन ते काय, चिमणीएवढं. रिकामी ठेवायची ती खुर्ची मात्र मधोमध चांगली खोल गेली होती. रोज कुणीतरी जड अंगाचा माणूस बसून बसून वेत जसं झोळीसारखं होतं, तसं.

पाळकसाहेब झग्याची गुंडी लावत आत आले. अतुलनं सहज विचारलं, "या खुर्चीत तुम्ही बसता वाटतं?"

"छे हो. ती सोनूबाईंची रिकामी खुर्ची. मी तिच्यावर पुस्तकसुद्धा ठेवत नाही."

वेत जुनं झालं की आपोआप ढिलं पडतं, असं अतुलनं स्वतःला सांगितलं. तसं पडतंही.

४

दिवे मालवले. आठ ज्योती तेवढ्या राहिल्या.

काय सांगावं त्या संध्याकाळचं! बिनपेटीची, बिनतबल्याची गाणी. बायकांच्या बाजूनं ओळ उठायची आणि पुरुषांच्या बाजूनं ती झेलली जायची. उन्हानं रापलेले, दिवसभर गवंडीकाम करून आलेले, शाळेत शिकवणारे, शिरोलीच्या फाउंड्रीत पाळी करून आलेले सगळे चेहरे त्या उजेडात एका जातीचे दिसत होते. पहिला उद्गार क्षमेचा. वाचणाऱ्यानं चिमटीत ज्योत धरली तेव्हा चुर्र झालं, ते मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं. दुसरा झाला, तिसरा झाला. आईला मुलाच्या हवाली केलं तो तिसरा. अतुलनं आईकडं बघितलं. ती ज्योतीकडं बघत होती.

मग त्यानं मोठी मेणबत्ती उचलली. एका हाताचा आडोसा करून तो पहिल्या बाकापुढून बाजूच्या दाराशी गेला, घोंगडी सारली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मेणबत्ती त्यानं पेटीच्या खोक्यावर ठेवली आणि आईच्या खुर्चीत बसला. दाराआडून झुंबरबाईंचा आवाज येऊ लागला. त्या सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या परिचारिका. चौथा उद्गार, देवानं टाकून दिल्याचा, दरवर्षी त्याच वाचायच्या. समोर बसून ऐकताना अतुलला तो वाचल्यासारखा वाटायचा. इथं, दाराआडून, ती म्हातारी खरोखरच कुणाला तरी हाक मारते आहे असं वाटलं. आई इतकी वर्षं हे ऐकत आली, आणि कधी बोलली नाही. त्याला आईचा अभिमान वाटला, आणि थोडी लाजही वाटली.

खोली भट्टीसारखी तापली होती. मेणाचा वास, जुन्या कागदांचा वास, आणि हवा जागची हलत नव्हती. जीभ टाळ्याला चिकटली होती. तांब्या दोन हातांवर होता. त्याच्या अंगावर थंडगार दव जमलं होतं आणि एक थेंब हळूहळू खाली ओघळत होता.

उपासनेनंतर पुन्हा भरून ठेवू की, कुणाला कळणार आहे, असं मनाशी म्हणत त्यानं तांब्या उचलला आणि तोंडाला लावून शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला. काय गोड लागलं ते पाणी! तोंड पुसून त्यानं तांब्या होता त्या जागी ठेवला.

बाहेर चुर्र झालं. झुंबरबाईंची ज्योत विझली.

५

पाचवा उद्गार बाळासोंचा. दोनच शब्दांचा म्हणावा इतका छोटा, आणि त्याच्यानंतर गाणं नसतं. नुसतं गप्प बसायचं असतं.

त्या गप्पपणात वेत करकरलं.

अतुलनं आधी स्वतःच्या बुडाखाली बघितलं. तो हलला नव्हता. समोरची खुर्ची रिकामी होती. उन्हानं तापलेलं लाकूड संध्याकाळी आवाज करतंच, हे तो मनाशी बोलेपर्यंत तांब्या फरशीवर जरासा घासला. मग खण्णकन वाजला. भरलेल्या तांब्याचा आवाज जड असतो. रिकामा उचलून खाली टाकला की वाजतो तसा वाजला.

उंदीर असेल, असं वाटून तो वाकून बघू लागला. तांब्या जागेवरच होता, पण आडवा. उंदरानं पाडला असेल. एवढा पितळेचा तांब्या? घूस असेल मग.

नंतर जो आवाज आला त्याला मात्र घूस पुरेना. कोरड्या गळ्यानं आवंढा गिळायचा आवाज. टाळ्याला चिकटलेली जीभ सुटते तेव्हा होतो तसला बारीक टक्, आणि मग गिळायला काही नसताना गिळणं. अतुलनं स्वतःचा श्वास रोखला. आपलाच गळा असेल, म्हणून. आवाज चालू राहिला. दाराजवळ नव्हता तो, कपाटाजवळही नव्हता. समोर होता, बसल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

त्याच वेळी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आई या दिवशी पाण्याचा थेंब घेत नाही. आयुष्यात कधी घेतला नव्हता. आणि लहानपणी दरवर्षी तो तांब्या त्यानं रिकामा घरी नेला होता.

मेणबत्तीची ज्योत इतका वेळ सरळ उभी होती. ती आता समोरच्या खुर्चीकडं किंचित झुकली. मग मागं आली. मग पुन्हा झुकली. कुणी जवळ बसून श्वास घ्यावा, सोडावा, तशी.

६

ओरडावं, दार उघडून पळावं, हे त्याला सुचलं नाही असं नाही. पण दाराबाहेर आई बसली होती आणि तिचं सगळं त्या ज्योतीवर टांगलेलं होतं. तो खुर्चीच्या हाताला घट्ट धरून बसला. बाहेर पुरुष सहाव्या उद्गाराआधीचं गाणं खालच्या पट्टीत गाऊ लागले. त्या गाण्याच्या आडून ते गिळणं चालूच होतं, आणि आता त्याच्यात एक कण्हणं मिसळलं होतं. त्यात राग नव्हता, मागणंही नव्हतं. आपल्याला कुणी देणार नाही हे कळून चुकलेल्या माणसाचा आवाज होता तो.

अतुलला ते सहन होईना. भीती एकीकडं राहिली. समोर कोण आहे, आहे का नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण जे होतं ते तहानलेलं होतं आणि त्याचं पाणी यानं पिऊन टाकलं होतं.

पाणी आवारातल्या नळाला होतं. आवाराचं दार चार पावलांवर. आणि दारापलीकडं वळीव येऊन ठेपला होता. कौलांवरून वाऱ्याचा पहिला लोट घोंघावत गेलेला त्यानं आत्ताच ऐकला होता. कडी काढली की ज्योत गेलीच. ज्योत गेली की आईचं ऑपरेशन गेलं, आई कायमची अंथरुणात. काडेपेटी नाही. आणि असती तरी खोटी ज्योत आणायची नाही.

त्यानं मेणबत्ती उचलून कपाटाच्या आड, कोपऱ्यात फरशीवर ठेवली. पुढं पेटीचं खोकं लावलं. तांब्या उचलला. उचलताना त्याच्या मनगटाला कुणाच्या तरी श्वासाची ऊब लागली.

"आणतो," तो पुटपुटला. "आलोच."

आणि कडी काढली.

वारा दारातून वैऱ्यासारखा आत शिरला. कपाटातली पुस्तकं फडफडली, झगा खुंटीवरून उडाला, आणि खोलीत काळोख झाला. अतुलनं वळून बघितलं. कोपऱ्यात लाल वातसुद्धा दिसत नव्हती. पण आता पाय मागं घेऊन उपयोग नव्हता. तो धुळीतून, डोळे मिटून, चाचपडत नळापर्यंत गेला. नळानं आधी नुसती हवा ओकली, मग बारीक धार आली. ती भरत असताना आतून सहावा उद्गार ऐकू येत होता, सगळं पूर्ण झाल्याचा. झालं खरंच, अतुल मनात म्हणाला. आई, माफ कर.

परत येऊन त्यानं दार पाठीनं लोटलं, कडी लावली. ठार काळोखात गुडघ्यावर बसून त्यानं तांब्या दोन्ही हातांनी पुढं धरला. शेतातून आलेल्या माणसापुढं धरतात तसा.

"घ्या," तो म्हणाला.

तांब्या त्याच्या हातातून गेला. कुणी हिसकावला नाही. त्याचं वजन हळूच उचललं गेलं. मग पाण्याचा आवाज. वरून धार धरून, थेट गळ्यात घेतलेलं पाणी. गट्, गट्, गट्, मध्ये दम न घेता, शेवटपर्यंत. आणि त्यानंतर एक लांबलचक सुस्कारा, ज्यात सगळ्या जगाचा शिणवटा उतरत होता. अतुल भ्यायला होता. आणि त्याच वेळी त्याला असं वाटत होतं की आपल्या हातून आजवर झालेलं एकमेव धड काम हेच.

सातवा उद्गार झाला. बाहेरही काळोख झाला. आत-बाहेर एकच काळोख, एकच शांतता. मग बाळासोंचा तळहात बाकावर पडला आणि सगळं चर्च गडगडायला लागलं. वर आभाळही गडगडत होतं. फरशी अतुलच्या गुडघ्यांखाली थरथरत होती. मोकळ्या हातानं बाहेर जायचं, आईनं सांगितलं होतं. तो उठू लागला.

उठता उठता त्याला समोरची भिंत दिसली.

दिसली, म्हणजे उजेड होता. कोपऱ्यात, खोक्याच्या आड, मेणबत्ती जळत होती. अतुलचे दोन्ही हात त्याच्या छातीशी होते. आणि भिंतीवर एका मोठ्या हाताची सावली पडली होती, ज्योतीला वाऱ्याचा आडोसा करणारी, बोटं जराशी वाकवलेली. सावलीच्या मधोमध, तळहाताच्या जागी, खिळ्याच्या भोकाएवढा उजेडाचा एक ठिपका होता.

डोळ्याची पापणी लवेपर्यंत ते दिसलं. मग सावली निघून गेली. विझलेली मेणबत्ती आपणहून पेटत नाही, हे अतुलला पक्कं ठाऊक होतं. वातीत ठिणगी राहिली असेल, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

७

गडगडाट थांबला. मंडळी वाट बघत होती.

अतुलनं मेणबत्ती उचलली. ज्योत जराही हलत नव्हती. समोरच्या खुर्चीकडं त्यानं बघितलं नाही. तो दाराशी पोचला तेव्हा मागं वेत सुटल्याचा आवाज झाला, जडशीळ माणूस उठल्यावर होतो तसा. त्यानं दार ओढलं, घोंगडी सारली आणि बाहेर पाऊल टाकलं. घोंगडी त्याच्या पाठीमागं लगेच पडायला हवी होती. ती पडली, पण आणखी एक माणूस बाहेर येईल एवढ्या वेळानं.

काळोखातून चेहरे वर आले. कुणीतरी हुंदका दिला. झुंबरबाईंनी हात जोडले. मागच्या दारात, चपला हातात धरून, अल्ताफ उभा होता आणि त्याचंही तोंड उघडंच राहिलं होतं. पाऊस कौलांवर उतरला होता. इतकी वर्षं ज्या उजेडाची ही माणसं वाट बघत आली, तो अतुलच्या हातात होता, आणि तो आपण आणलेला नाही हे त्या चर्चमध्ये त्याच्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं.

मग त्यानं आईकडं बघितलं, आणि कळलं की तिला कळतं.

सोनूबाई आधी ज्योतीकडं बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांनी अतुलकडं बघून मान हलवली, एकदाच, होय म्हणून. सोमवारचा होकार होता तो. त्याला एवढं हलकं वाटलं की तिथंच फरशीवर बसावं.

मग त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागं गेली. थोरामोठ्यांपुढं घेतात तसा त्यांनी पदर डोक्यावर घेतला. दोन्ही हात बाकावर टेकले, दात घट्ट आवळले, आणि पंधरा दिवस बोटभर न हललेली ती बाई मोडक्या खुब्यासकट आत सरकली. कडेला एका माणसापुरती जागा झाली.

अतुल पुढं बघत, मेणबत्ती धरून, तसाच उभा राहिला. आई सरकली तेव्हा बाक करकरलं होतं. थोड्या वेळानं ते पुन्हा करकरलं.